अर्ध्या वॅटवर तीन वर्षं : माझा अ‍ॅम्प आणि पायाशी असलेली चार पेडलं

माझी ड्युटी फिरती असते. कधी पहाटे घरी पोचते, कधी रात्री उशिरा. इलेक्ट्रिक गिटारला वेळ मिळतो तो बाकीचे झोपल्यावर, आणि भिंतीपलीकडे माझी मुलगी झोपलेली असते. त्यामुळे अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करून ऐकवणारी स्पीकरची पेटी) आणि पेडलांबद्दलची (सूर बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या डब्या) माझी सगळी मतं हळू आवाजात तयार झालेली आहेत. स्टेजवर वाजवणाऱ्यांची मतं वेगळी असतील आणि त्यांच्या जागी ती बरोबरही असतील. पण नव्याने शिकणारा माणूस बहुधा माझ्यासारखाच खोलीत बसून वाजवतो, आणि सल्ला मात्र त्याला स्टेजवरच्या माणसाचा मिळतो. पहिली चूक तिथेच होते. माझीही झाली.

सध्या माझ्याकडे बॉस कंपनीचा कताना-५० हा अ‍ॅम्प आहे, मार्क टू, म्हणजे दुसरी आवृत्ती. पायाशी चार पेडलं : एक ट्यूनर (तारा सुरात लावायला), बॉसचं एसडी-१, बॉसचंच डीएस-१ (दोन्ही सूर खरखरीत करणारी) आणि एमएक्सआरचं कार्बन कॉपी (प्रतिध्वनी देणारं). अ‍ॅम्पला तीन वर्षं झाली. पेडलं एकेक करून आली, मध्ये कित्येक महिने जाऊ देऊन. त्याआधी एक अ‍ॅम्प घेऊन विकून झाला होता. सुरुवात त्याच्यापासूनच करते, कारण नव्या माणसाच्या पदरात तसलाच अ‍ॅम्प पडतो.

तो गिटारसोबत एकाच खोक्यात आला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तशी खोकी बऱ्याच कंपन्या विकतात. दहा वॅट, सहा इंची स्पीकर, आणि पुढच्या बाजूला एक छोटं बटण. ते दाबलं की डिस्टॉर्शन, म्हणजे सूर मुद्दाम फाडून खरखरीत करणं, सुरू. बटण दाबल्यावर आवाज कसा यायचा? पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा. न दाबता वाजवावं तर तारांचा नुसता टणत्कार, खाली भरीवपणा काही नाही. मला वाटायचं बोटंच कच्ची आहेत. ती कच्ची होतीच, पण दोष सगळा त्यांचा नव्हता. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की तिचा मूळ स्वर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो. सहा इंची स्पीकर आणि एवढीशी पेटी तो स्वर नीट उचलूच शकत नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्याच्या वरचे उपस्वर, आणि त्यांच्यावर डिस्टॉर्शन चढवलं की माशी.

पाच-सहा महिन्यांनी माझ्या शिक्षकांनी माझीच गिटार त्यांच्या मोठ्या अ‍ॅम्पला लावून दिली. आवाज अगदी हळू, डिस्टॉर्शन शून्य. मी सी कॉर्ड (एकत्र वाजवायच्या स्वरांची एक जुळणी) धरला आणि तारा एकेक करून छेडल्या. पाचवी वाजली, चौथी वाजली, तिसरी, दुसरी, आणि पहिली तार नुसतीच ‘टक्’ करून गप्प बसली. माझी तर्जनी दुसऱ्या तारेवरून जराशी कलंडून पहिलीला टेकत होती. सहा महिने हेच चाललं होतं आणि मला एकदाही ऐकू आलं नव्हतं, कारण घरी ते बटण कायम दाबलेलं असायचं. डिस्टॉर्शनखाली सगळ्या तारांचा मिळून एकच लगदा होतो. त्यात एक तार कमी असली तरी पत्ता लागत नाही.

तेव्हापासून माझी अ‍ॅम्पची कसोटी एकच : हळू आवाजात, काहीही न चढवता, तो सहाही तारा वेगवेगळ्या ऐकवतो का? हे जमत असेल तर बाकीचं नंतर बघता येतं. हे जमत नसेल तर त्यात शंभर इफेक्ट असूनही उपयोग नाही.

आता वॅटबद्दल. दुकानात सगळ्यात आधी वॅट विचारले जातात आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्यांचाच. तीस वॅटचा अ‍ॅम्प पंधरा वॅटच्या दुप्पट मोठा ऐकू येत नाही. वॅट दुप्पट झाले की फरक पडतो तीन डेसिबलचा, कानाला जेमतेम जाणवेल इतका. आवाज साधारण दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. दुसरी गोष्ट, गिटारचे स्पीकर फार बोलके असतात. चांगला बारा इंची स्पीकर एक वॅटवर, एक मीटर अंतरावर, ९७ ते १०० डेसिबल आवाज देतो. अर्धा वॅट म्हणजे त्यातून फक्त तीन वजा. खोलीत बसून ९५ डेसिबल कुणी वाजवत नाही. म्हणून ‘पन्नास वॅट घरासाठी जास्त होतील का’ या प्रश्नाचं उत्तर वॅटच्या आकड्यात सापडत नाही. तो अ‍ॅम्प आवाज खाली आणल्यावर कसा वागतो, यात सापडतं. काही अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम शून्यावरून एकवर नेईपर्यंत काहीच ऐकू येत नाही आणि एकच्या जरा पुढे गेलं की सगळं घर उठतं. रात्री वाजवणाऱ्याला असा अ‍ॅम्प नकोच.

आणखी एक कारण आहे, ते आपल्या कानातच. आवाज कमी झाला की आपल्या कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो, आणि अगदी वरचे स्वरही काहीसे मागे पडतात. मधले तेवढे टिकून राहतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून त्याचे आलेख मांडले होते. म्हणून दुकानात मोठ्या आवाजात भरदार वाटलेला अ‍ॅम्प घरी हळू लावला की पोकळ वाटतो. अ‍ॅम्प बिघडलेला नसतो. आणि उलटंही होतं : घरी हळू आवाजात बास (खालचे स्वर) आणि ट्रेबल (वरचे स्वर) भरपूर वाढवून जमवलेला सूर, तसाच ड्रमरसोबत मोठ्याने वाजवला की खालून घुमतो आणि वरून कान फाडतो, मधली गिटार मात्र गायब. आवाजाची पातळी बदलली की नॉब पुन्हा लावावे लागतात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर किती रात्री वाचल्या असत्या!

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प (जुन्या पद्धतीचा, आत काचेच्या नळ्या असलेला) घ्यावा की नाही, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. माझ्याही आला. एका मैत्रिणीकडे फेंडरचा ब्ल्यूज ज्युनिअर आहे, पंधरा वॅटचा, दोन ईएल८४ व्हॉल्व्हचा. तिच्याकडे एक आख्खी दुपार मी तो वाजवला. आवाज वाढवत नेल्यावर एका टप्प्याला तो बोटांना उत्तर द्यायला लागतो. हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर खरबरीत, आणि या दोन्हींच्या मधे जितक्या छटा हव्यात तितक्या. मन भरून आलं, खरंच सांगते. पण तो टप्पा ज्या आवाजाला येतो तो आवाज माझ्या घरात कधीच शक्य नाही. त्याच्या खाली तो एक सुरेख स्वच्छ अ‍ॅम्प आहे, बस. शिवाय व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालू केला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि आतले कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही शेकडो व्होल्ट धरून बसलेले असू शकतात, म्हणून मागचं झाकण आपण उघडायचं नाही. घरात वेगळी खोली असेल, आवाजाची मुभा असेल, तर जरूर घ्या. माझ्यासारखी स्थिती असेल तर पुढे कधीतरी.

मग कताना. बॉसने ही मालिका २०१६ मध्ये आणली. आत व्हॉल्व्ह नाहीत, सगळं ट्रान्झिस्टर आणि डिजिटल. बारा इंची स्पीकर. वजन दहा किलोंच्या वर, म्हणजे एका हाताने उचलता येतो पण जिना चढताना जाणवतो. मी तो घेतला तो एका नॉबसाठी : पॉवर कंट्रोल. त्यावर पन्नास वॅट, पंचवीस वॅट आणि अर्धा वॅट अशा जागा आहेत. अर्ध्या वॅटवर ठेवला की मास्टर व्हॉल्यूम आरामात मध्यावर नेता येतो, आणि नॉब केसभर फिरवला तर आवाजही केसभरच बदलतो. मगाशी म्हटलं ते ‘शून्य किंवा सगळं घर’ इथे होत नाही. तीन वर्षांत मी पंचवीसवर गेले असेन ते मोजून चार-पाच वेळा, मित्रमंडळी एकत्र वाजवायला जमली तेव्हा. पन्नासची गरज पडलेली नाही.

आवाजाचे तीन नॉब बघून नवा माणूस गोंधळतो. मीही गोंधळले होते, म्हणून जरा थांबून सांगते. गेन म्हणजे गिटारचा सिग्नल पहिल्याच पायरीवर किती ढकलायचा ते. जितका ढकलाल तितका तो फाटत जातो. व्हॉल्यूम म्हणजे तो फाटलेला किंवा न फाटलेला सूर त्या चॅनेलवर किती ठेवायचा. मास्टर म्हणजे शेवटी खोलीत किती सोडायचा. म्हणजे खरखरीत सूर हळू आवाजात हवा असेल तर गेन वर आणि मास्टर खाली. स्वच्छ सूर मोठ्याने हवा असेल तर गेन खाली आणि मास्टर वर. एकदा हे डोक्यात बसलं की कुठलाही अ‍ॅम्प परका वाटत नाही.

सुरांच्या पाच जाती आहेत : अकूस्टिक, क्लीन, क्रंच, लीड, ब्राउन. माझा सत्तर टक्के वेळ क्लीनवर जातो, उरलेला क्रंचवर. क्लीनमध्ये तारा सुट्या ऐकू येतात, खर्ज पुरेसा आहे, आणि पुढे पेडल लावलं की तो ते बिनतक्रार घेतो. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. सगळेच अ‍ॅम्प पेडलं चांगली घेत नाहीत. क्रंचवर उजव्या हाताचा जोर कमी-जास्त केला की सूर बदलतो. ब्ल्यूज ज्युनिअरइतका नाही, पण शिकायला पुरेसा. लीड आणि ब्राउन ज्यांना जड संगीत वाजवायचं आहे त्यांना आवडतील. माझा तो प्रांत नाही.

आत इफेक्टही आहेत : बूस्टर (सूर जोरात ढकलणारा), मॉड (सूर हेलकावणारा), डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा). समोरच्या बटणावर हिरवा, लाल, पिवळा असे तीन दिवे बदलतात आणि प्रत्येक रंगाखाली एक इफेक्ट ठेवता येतो. कुठल्या रंगाखाली काय ठेवायचं हे नीट ठरवायचं असेल तर अ‍ॅम्प यूएसबीने संगणकाला जोडून बॉसचं सॉफ्टवेअर उघडावं लागतं. ज्यांना नॉब फिरवून काम संपवायचं आहे त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. मी पहिल्या आठवड्यात एकदा बसून सगळं लावलं आणि नंतर क्वचितच हात लावला. हेडफोनचं भोक आहे, आणि रात्री एकनंतर तेच वापरते.

हाच घ्या असं म्हणत नाही. जागा कमी असेल, टेबलावर ठेवायचा असेल, तर यामाहाची टीएचआर मालिका हळू आवाजातच वाजवण्यासाठी बनवलेली आहे. बॉसचा कताना मिनी सात वॅटचा, चार इंची स्पीकरचा, सहा पेन्सिल सेलवर चालणारा. त्याच्याकडून खर्जाची अपेक्षा नको, पण हाताशी ठेवायला छान. फेंडरचा मस्टँग एलटी२५ पंचवीस वॅटचा, आठ इंची स्पीकरचा, आणि त्याला छोटा पडदा असल्याने काय चालू आहे ते दिसतं. या सगळ्यांत फरक आहेत, पण सहाही तारा ऐकवण्याच्या परीक्षेत हे सगळे माझ्या पहिल्या खोक्याच्या कितीतरी पुढे.

पेडलांकडे वळते. अ‍ॅम्पमध्ये इफेक्ट असताना वेगळी पेडलं कशाला? पहिलं दीड वर्ष मी एकही घेतलं नाही, ट्यूनर सोडून. ट्यूनर मात्र लवकर घ्या. तो पायाने दाबला की सूर पुढे जाणं थांबतं आणि मध्यरात्रीसुद्धा चिटपाखराला न कळू देता तारा लावता येतात. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनरही चालतो, पण गप्प राहण्याची सोय त्यात नाही.

एसडी-१ हे पिवळं पेडल १९८१ पासून आहे. नॉब तीन : लेव्हल, टोन, ड्राइव्ह. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे डिस्टॉर्शनपेक्षा सौम्य खरखर, काय असतं ते मला याच्यावर समजलं. आत डायोड नावाचे छोटे इलेक्ट्रॉनिक भाग असतात, ते सिग्नलची टोकं कापतात. एसडी-१ मध्ये एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशी विषम मांडणी आहे, त्यामुळे लाटेची वरची आणि खालची टोकं सारखी कापली जात नाहीत. आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर याच घराण्यातलं, फक्त त्यात कापणी दोन्हीकडे सारखी. दोन्ही पेडलं खर्ज थोडा छाटतात आणि मधला भाग पुढे आणतात. एकट्याने ऐकलं तर ‘अरे, आवाज बारीक झाला’ असं वाटतं. कुणाच्या तरी बासबरोबर वाजवलं की त्या छाटण्याचं कारण कळतं : तेवढी जागा बास गिटारला मिळते आणि आपण मधून स्पष्ट ऐकू येतो.

एसडी-१ चा खरा आनंद मला गिटारवरच्या व्हॉल्यूम नॉबने दिला. पेडल चालू ठेवून, ड्राइव्ह मध्यावर, गिटारचा व्हॉल्यूम दहावर : खरखरीत. तोच सहावर आणला की खरखर ओसरते आणि कॉर्ड मोकळा होतो. पाय न उचलता, करंगळीने नॉब फिरवून कडव्यातून धृपदात जाता येतं. नवशिका माणूस गिटारवरचा तो नॉब दहावर ठेवतो आणि विसरतो. मी दोन वर्षं विसरले होते.

डीएस-१ केशरी रंगाचं, १९७८ चं. निर्वाना बँडचा कर्ट कोबेन वापरायचा, गिटारवादक स्टीव्ह व्हायनेही वापरलंय, म्हणून बरेच जण पहिलं पेडल हेच घेतात. माझं मत : घ्या, पण दुसरं. याच्या टोनच्या मांडणीतच मधला भाग खोल जातो, म्हणून खोलीत एकटं वाजवताना ते रुंद आणि भव्य वाटतं आणि चार वाद्यांत मागे सरतं. हळू आवाजात टोन मध्याच्या पुढे नेला तर टोकदार होतं. मी तो नॉब घड्याळातल्या नऊच्या काट्यावर ठेवते आणि अ‍ॅम्पचा मिडल थोडा वाढवते. मग सूर बसतो. दोन तारांचे पॉवर कॉर्ड यात दणकट येतात. पूर्ण सी कॉर्ड धरला तर पुन्हा लगदा. हा पेडलचा दोष नाही. जास्त डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकमेकांत मिसळून तिसरेच स्वर तयार करतात, आणि सहा तारा असल्या की अशा नको त्या स्वरांची गर्दी होते. म्हणूनच जड संगीतात दोन-तीन तारांचेच कॉर्ड दिसतात.

कार्बन कॉपी सगळ्यात शेवटी आलं आणि मला सगळ्यात प्रिय आहे. हिरवं, तीन नॉबचं : डिले (प्रतिध्वनी किती उशिरा), मिक्स (किती मोठा), रीजेन (किती वेळा). हा अ‍ॅनालॉग डिले. आत सूक्ष्म कपॅसिटरांची लांब रांग असते आणि सूर एकाकडून दुसऱ्याकडे असा पुढे सरकतो, विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेत उभी राहून बादल्या हातोहात देतात तसा. वाटेत थोडं पाणी सांडतं, म्हणून प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा थोडा अंधारा येतो. डिजिटल डिले तुमचा स्वर जशाच्या तसा परत देतो आणि तो मूळ स्वराशी भांडू शकतो. हा मागे जाऊन उभा राहतो. हळू आवाजात हे फार शोभतं.

जास्तीत जास्त ६०० मिलिसेकंदांचा डिले मिळतो. लयीशी जुळवायचं गणित सोपं आहे : ६०,००० ला दर मिनिटाच्या ठोक्यांनी भागायचं. मिनिटाला १०० ठोके असतील तर एक ठोका बरोबर ६०० मिलिसेकंद, म्हणजे याची कमाल. १२० ठोक्यांना ५००. त्याच्या पाऊणपट घेतलं, ३७५, तर प्रतिध्वनी आपल्या स्वरांच्या मधल्या जागांत पडतात आणि एक माणूस दोघांसारखा वाजतो. पेडलवर आकडे नाहीत, सगळं कानाने लावावं लागतं. त्याचा मला फायदाच झाला. तुम्ही ठोक्याच्या जरा पुढे पळालात की प्रतिध्वनी लगेच चुगली करतो. ठोके देणारा मेट्रोनोम जे दोन वर्षांत शिकवू शकला नव्हता ते मी इथे काही आठवड्यांत शिकले.

पेडलांचा क्रम : गिटार, ट्यूनर, एसडी-१, डीएस-१, डिले, अ‍ॅम्प. हे नियम म्हणून पाठ करू नका, एकदा उलटं लावून बघा. डिले आधी आणि डिस्टॉर्शन नंतर लावलं की मूळ स्वर आणि मागून येणारे प्रतिध्वनी एकत्र फाटतात, आणि विरून जायला हवा तो प्रतिध्वनी पुन्हा उसळून वर येतो. पाच मिनिटांत कारण कानाने कळतं आणि मग विसरत नाही.

विजेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण यात माझा एक आख्खा महिना गेला. चार पेडलं झाल्यावर मी एक स्वस्त अ‍ॅडॉप्टर घेतला, एका वायरला पाच तोंडं असलेला. सगळं ठीक चाललं होतं. मग मैत्रिणीचं एक डिजिटल रिव्हर्ब पेडल काही दिवसांसाठी आणलं आणि पाचव्या तोंडाला लावलं. त्या रात्री अ‍ॅम्पमधून बारीक, उंच, एकसुरी ‘टीईई’ ऐकू यायला लागलं. एसडी-१ चालू केलं की ते दुप्पट. आधी गिटारवर संशय, मग केबलवर, मग अ‍ॅम्पवर. शेवटी शांतपणे बसून सगळं काढलं. गिटार थेट अ‍ॅम्पला : शांत. ट्यूनर लावला : शांत. एसडी-१, डीएस-१, डिले : शांत. रिव्हर्ब लावलं : टीईई. आता त्या रिव्हर्बची सूर नेणारी केबल काढून टाकली आणि फक्त वीज चालू ठेवली. तरीही टीईई! म्हणजे ते सुराच्या वाटेने येतच नव्हतं. डिजिटल पेडलच्या आतल्या घड्याळाची कुरकुर वीजेच्या सामायिक तारेतून बाकीच्या पेडलांत शिरत होती, आणि ओव्हरड्राइव्ह तिला मोठं करत होतं. प्रत्येक पेडलला वेगळी, एकमेकांपासून तोडलेली वीज देणारा पुरवठा घेतला आणि ते कायमचं थांबलं. पेडलांत पैसे घालायच्या आधी यात घालावेत, असं मी आता ज्याला त्याला सांगते.

बहुतेक पेडलं ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि पिनचा मधला भाग ऋण असतो. हे दोन्ही पेडलच्या अंगावर छापलेलं असतं. व्होल्ट आणि मधलं टोक जुळलंच पाहिजे, नाहीतर पेडल जाऊ शकतं. मिलिअँपियरचं मात्र तसं नाही. पुरवठा पेडलच्या गरजेइतका किंवा जास्त असला की झालं, पेडल हवे तेवढेच ओढतं. एसडी-१, डीएस-१ सारख्यांना अगदी थोडे लागतात, डिजिटल पेडलांना शंभर किंवा त्याहून जास्तही. आणि बॅटरी वापरत असाल तर वाजवून झाल्यावर इनपुटमधली केबल काढायची. पेडल बंद असलं तरी ती पिन आत असेपर्यंत बॅटरी जळत राहते. बॉसच्या पेडलवरचा लाल दिवा मंद दिसला की समजायचं, पुढचा स्क्रू बोटांनी सैल करायचा, झाकण वर उचललं की बॅटरी समोरच.

दुसरी एक गुणगुण असते, खालच्या सुरातली, ती पेडलांची नाही. माझी गिटार सिंगल कॉइलची आहे, म्हणजे तारांचं कंपन टिपणारा तिचा प्रत्येक पिकअप एकाच वेटोळ्याचा. ती खोलीतल्या विजेचं चुंबकीय क्षेत्र पकडते. खुर्चीसकट पाव वळण फिरले की गुणगुण निम्मी होते. पिकअपचा खटका दुसऱ्या किंवा चौथ्या जागी नेला की जवळजवळ जाते, कारण तिथे दोन कॉइल एकमेकींविरुद्ध गुंडाळलेल्या आहेत. सगळ्याच गिटारींत अशी सोय नसते. तारांना हात लावल्यावर कमी होणारा ‘बझ्झ’ ही तर तक्रारच नाही, तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असल्याची ती खूण.

दुकानात जाणार असाल तर आपली गिटार घेऊन जा. तिथली महागडी गिटार लावून अ‍ॅम्प ऐकला तर अर्धं श्रेय तिचं. सगळे टोन नॉब मध्यावर, गेन तळाला, इफेक्ट बंद, आणि आवाज इतका की शेजारी उभ्या माणसाशी बोलता यावं. सी कॉर्ड, एकेक तार. मग गेन थोडा. मग गिटारचा व्हॉल्यूम दहावरून पाचवर आणा आणि ऐका की सूर मोकळा होतोय की नुसता झाकोळतोय. मग गिटार न वाजवता मास्टर थोडा वर करून नुसती खरखर ऐका. वापरलेला घेत असाल तर प्रत्येक नॉब सावकाश फिरवा आणि जॅक हलवून बघा, कुरकुर किंवा तुटक आवाज आला तर विचारा. विक्रेत्याला घाई असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

रात्रीची माझी मांडणी सांगून थांबते, कुणाला सुरुवात करायला उपयोगी पडेल म्हणून. क्लीन, अर्धा वॅट, गेन घड्याळातल्या दहाच्या काट्यावर, बास एकवर, मिडल साडेबारावर, ट्रेबल अकरावर, मास्टर अकरावर. रिव्हर्ब अगदी थोडा. एसडी-१ चं ड्राइव्ह नऊवर, टोन बारावर, लेव्हल इतकी की पेडल चालू केल्यावर आवाज वाढू नये. दार लावलेलं, अ‍ॅम्पची पाठ मुलीच्या भिंतीकडे नाही तर कपड्यांच्या कपाटाकडे, आणि पेटी जमिनीवर न ठेवता स्टुलावर, स्पीकर कानाच्या उंचीला. स्टुलावर ठेवल्यापासून मास्टर आणखी थोडा खाली आणता आला.